खुराकाचा हिशेब

फाल्गुन लागला की वढू बुद्रुककडे येणाऱ्या रस्त्यावर अनवाणी पावले वाढू लागतात. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली तो दिवस फाल्गुन वद्य अमावास्येचा, ११ मार्च १६८९. म्हणून हा सगळा महिना अनेक तरुण ‘बलिदान मास’ म्हणून पाळतात. कोणी चप्पल सोडतो, कोणी चहा, कोणी गोडधोड. अमावास्येच्या सुमारास गावोगावची पोरे महाराजांच्या वढूतल्या समाधीवर येतात, ज्योत पेटवून घेतात आणि ती हातोहात पुढे देत, पळत पळत आपापल्या गावी नेतात. या पळणाऱ्यांमधले काही खांदे आणि काही दंड नजरेत भरतात. ते नांगराने किंवा उसाच्या मोळ्यांनी घडलेले नाहीत, हे जाणत्याला लगेच कळते. ते लोखंडाखाली, आरशासमोर, सेट मोजून घडवलेले असतात.

वढू शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी. पुण्याहून नगर रस्त्याने वाघोली, लोणीकंद, पेरणे फाटा ओलांडून भीमेचा पूल पार केला की कोरेगाव भीमा, आणि तिथून डावीकडे चारेक किलोमीटरवर हे गाव. महामार्ग तसाच पुढे सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावकडे जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे आहेत. या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जिम वाढल्या. खाली हार्डवेअरचे नाहीतर खतांचे दुकान, वर पत्र्याच्या छताखाली जिम. भिंतीवर मारुतीराया, शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि त्यांच्याच रांगेत अर्नोल्ड श्वार्झनेगर. पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर इथे जागा मिळत नाही. मधल्या वेळेत पोरे कामावर असतात.

या मुलांच्या मेहनतीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मला प्रश्न पडतो तो दुसराच. हा खुराक कोणाच्या खिशातून येतो?

महाराष्ट्रात शरीर कमावण्याची रीत जुनी आहे, आणि त्या रीतीत खुराक कधी एकट्याचा नव्हता. पैलवान तालमीत राहायचा. दूध गावातून यायचे, बदाम-तूप कोणी सावकार किंवा संस्थानिक पुरवायचा, जत्रेत फड जिंकला की इनाम मिळायचे, आणि त्या पोराच्या मांड्या-दंडांवर साऱ्या गावाचा हक्क असायचा. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभारले. पण त्याहून मोठे काम त्यांनी केले ते मल्लांच्या पोटाची सोय लावून. ही परंपरा अजून मेलेली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली ती वढूपासून जवळच, लोणीकंदकडच्या फुलगावात. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार झालेल्या मोहोळच्या सिकंदर शेखने खेड तालुक्यातल्या शिवराज राक्षेला हरवून गदा मिळवली. सिकंदरच्या वडिलांनी हमाली करून मुलाला कुस्तीत टिकवले, हे महाराष्ट्राने वाचले आहे. पण त्याच्यामागे तालीमही होती, वस्ताद होता, फडाफडांवरची इनामे होती.

शरीरसौष्ठव करणाऱ्या पोरामागे यातले काहीच नाही. तो महिन्याची फी भरून जिममध्ये येतो. त्याचा गुरू बहुतेकदा त्याच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला ट्रेनर, नाहीतर मोबाइलवरचा व्हिडिओ. त्याचे दूध, अंडी, प्रोटीनचा डबा सगळे त्याच्या पगारातून. त्याने किताब मिळवला तर गावात बॅनर लागतो. पण तयारीच्या चार महिन्यांत त्याला कोणी विचारत नाही की बाबा, आज जेवलास काय?

हा एकटेपणा या खेळाच्या जन्मापासूनचा आहे. कुस्ती दोघांची, मल्लखांबाला निदान खांब तरी गावाचा. शरीर नुसते दाखवण्यासाठी कमावणे आणि त्याला गुण देणे ही कल्पना युजेन सँडोची. प्रशियात जन्मलेल्या या माणसाने १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिली मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल बसले होते. १९०४-०५ मध्ये सँडो हिंदुस्थानात येऊन गेला. पण त्याच्या आधीच त्याची पुस्तके आणि साधने आपल्याकडे पोहोचली होती, आणि ती पोहोचली होती चक्क सातारा जिल्ह्यातल्या औंधला.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी १८९७ पासून सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने नेमाने व्यायाम करत होते. पुढे १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर त्यांचाच प्रचार केला. संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सुरू केले आणि १९३८ मध्ये इंग्रजीत पुस्तक काढून ते विलायतेपर्यंत नेले. राजाने विलायती साधने बाजूला ठेवून जमिनीवर हात टेकले, एवढाच अर्थ यातून काढला तर मोठी गोष्ट निसटते. भवानरावांना असा व्यायाम हवा होता जो साधनांशिवाय, पैशांशिवाय, शेतकऱ्याच्या पोरालाही जमेल. खर्चाचा विचार करणारा तो राजा होता. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढले, अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. या सगळ्यांना शरीर ही समाजाची जबाबदारी वाटत होती. आज जिममध्ये घाम गाळणाऱ्या पोराला यांपैकी एकही नाव माहीत नसेल. त्याचा दोष नाही. आपणच त्याला त्या वारशाच्या बाहेर एकटा सोडला आहे.

आता त्याच्या दिवसाकडे पाहू. सकाळची पाळी असेल तर तो रात्री जिमला येतो, रात्रपाळी असेल तर दुपारी झोपेतून उठून. आठवड्याची वाटणी ठरलेली असते. सोमवारी छाती आणि ट्रायसेप, मंगळवारी पाठ आणि बायसेप, बुधवारी पाय, मग खांदे, मग पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी या पट्ट्यातल्या कोणत्याही जिममध्ये बेंच रिकामा मिळत नाही, कारण छाती सगळ्यांना हवी असते. पायांच्या दिवशी गर्दी ओसरते. स्क्वॉटचा रॉड खांद्यावर घेऊन खाली बसणे आणि पुन्हा उठणे हे बैठकांसारखेच जुने काम, फक्त वजन अंगावरचे नव्हे तर लोखंडाचे. आणि ते जीव काढते. स्टेजवर जाणारा पोरगा आणि आरशासाठी येणारा पोरगा यांच्यातला फरक बुधवारी कळतो.

पहिल्या दोन महिन्यांत वजन भराभर वाढते. काल चाळीस किलो उचलत होता, आज साठ उचलतो, आणि पोराला वाटते आपण फुगलो. खरे तर तेव्हा स्नायू फारसे वाढलेले नसतात. मेंदू आणि नसा एकाच वेळी जास्त तंतूंना कामाला लावायला शिकलेल्या असतात. स्नायूंची खरी वाढ हळूहळू होते आणि ती जिममध्ये होत नाही. व्यायामाने तंतूंवर ताण येतो, पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास शरीर त्या जागी नवी प्रथिने बांधत राहते, आणि त्यासाठी दोन गोष्टी लागतात, अन्न आणि झोप. एका सेटमध्ये आठ ते बारा रॅपच, म्हणजे आवर्तनेच, हव्यात हा जुना नियमही आता संशोधकांनी सैल केला आहे. वजन थोडे कमी असले, रॅप जास्त झाल्या तरी चालते. सेट जवळजवळ थकेपर्यंत गेला पाहिजे आणि एकेका स्नायूला आठवड्याला दहाच्या आसपास चांगले सेट मिळाले पाहिजेत. म्हणजे महागड्या मशीनवाचूनही शरीर घडते. झोपेवाचून मात्र घडत नाही. पाळ्या बदलत राहणाऱ्या कामगाराला सात तासांची सलग झोप कुठून आणायची, याचे उत्तर कोणत्याच व्हिडिओत नसते.

जिममधल्या एका गोष्टीविषयी मला फार माया आहे. बेंचवर जड वजन घेताना एक जण डोक्यामागे उभा राहतो. रॉड छातीवर अडकला तर तो उचलायचा. तो कुठल्या आळीतला, कुठल्या वस्तीतला, हे त्या क्षणी कोणी विचारत नाही. त्याच्या हातांवर विश्वास ठेवून श्वास रोखावा लागतो. १ जानेवारी २०१८ च्या दंगलीनंतर वढू आणि कोरेगाव भीमा ही नावे साऱ्या देशाने एकाच कारणासाठी ऐकली. या गावांतल्या पोरांनी एकमेकांच्या डोक्यामागे उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

आता हिशेब. ७५ किलो वजनाचा पोरगा धरू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ माणसासाठी रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली. म्हणजे याला ६२ ग्रॅम. पण ते साध्या जगण्यासाठी. नेमाने वजने उचलणाऱ्याला किलोमागे १.४ ते २ ग्रॅम लागतात, असे क्रीडापोषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे २०१७ चे मत आहे. म्हणजे १०५ ते १५०. आपण १३० धरू. घरच्या जेवणातून काय मिळते? दोनशे ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून २२ ग्रॅम. साठ ग्रॅम कोरडी डाळ किंवा मटकी, तिच्यातून १४. अर्धा लिटर दूध, १६. झाले ५२. आईने वाढलेल्या ताटातून वजन उचलण्याचे सोडाच, साध्या जगण्याचेही पुरेसे प्रथिन येत नाही. खेड्यातले जेवण पोटभर असते, त्यात कष्टाचे बळ असते, पण प्रथिने कमीच असतात. आणि हे निदान या पोरांच्या निमित्ताने तरी घराघरांत कळू लागले, ही मला चांगली गोष्ट वाटते.

राहिले ७८ ग्रॅम. दोन पूर्ण अंडी आणि सहा अंड्यांचा पांढरा भाग यांतून साधारण ३३. दीडशे ग्रॅम चिकनमधून ३४. मूठभर सोयाबीनच्या वड्यांतून ११-१२. बसला हिशेब. आता पैसे. आठ अंडी म्हणजे रोजचे पन्नास रुपये, महिन्याला दीड हजार. चिकनचे तेवढेच. दूध घरच्या म्हशीचे नसेल तर आठ-नऊशे. केळी, शेंगदाणे, वड्या, जिमची फी धरून महिन्याला पाच हजारांच्या पुढे जाते. व्हे प्रोटीनचा डबा घ्यायचा म्हटले तर आणखी अडीच-तीन हजार. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पोराच्या हातात पंधरा-अठरा हजार पडत असतील तर त्यातला तिसरा हिस्सा, डबा घेतला तर जवळजवळ निम्मा, त्याच्या अंगात जातो. घरी द्यायचे, गाडीचा हप्ता, बहिणीच्या लग्नाचे कर्ज हे सगळे उरलेल्यात.

डब्यांवर छापलेले खरे असतेच असेही नाही. केरळमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये भारतीय बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या जवळजवळ सत्तर टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली, काहींत बुरशीचे विषही सापडले. घामाचे पैसे देऊन घेतलेल्या डब्यात अर्धे पीठच असेल तर ती सरळ लूट आहे. म्हणून ज्याला परवडत नाही त्याने डब्याचा हट्ट धरू नये, असे मी आवर्जून सांगेन. अंडे खोटे बोलत नाही. शिवाय अंड्याचा भाव ठरवण्यात पुण्याचा मोठा हात आहे, डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये उभी राहिलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती इथलीच, आणि शिरूर-दौंडकडच्या शिवारात कोंबड्यांच्या शेडही दिसतात.

पण अंडे प्रत्येक घरात शिरत नाही. आळंदी इथून फार लांब नाही. या गावांमध्ये माळकरी घरे पुष्कळ. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, देवघरात ज्ञानेश्वरी, आणि पोराला हवी रोज आठ अंडी. मग ती जिमच्या मागच्या खोलीत शेगडीवर उकडली जातात, किंवा मित्राच्या घरी. श्रावणात तर मित्राच्या घरीही नाही. काही पोरे वडिलांचा मान राखून दूध, ताक, सोयाबीन, शेंगदाणे यांवरच शरीर उभे करतात. अवघड आहे, वेळ जास्त लागतो, पण होते. अशा पोराविषयी मला विशेष आदर वाटतो. त्याने दोन निष्ठा एकाच ताटात बसवलेल्या असतात.

स्पर्धांचा हंगाम हिवाळ्यापासून सुरू होतो, म्हणजे तयारी ऐन सणासुदीत येते. बारा ते सोळा आठवडे आधी ‘कटिंग’ चालू होते. तांदूळ कच्चे मोजायचे, तेल चमच्याने, साखर बंद. गणपतीत मोदक नाही, दसऱ्याला जिलेबी नाही, दिवाळीत आईने चार दिवस खपून केलेल्या करंज्या-चकल्यांचे ताट समोर येते आणि पोरगा मान हलवतो. आईला वाटते, याच्या मनात काही आहे, याचे काही बिनसले आहे. ती रागावते, रडते, मग त्याच्यासाठी वेगळे अळणी चिकन शिजवायला लागते. या खेळात आईचे नाव कुठल्याही प्रमाणपत्रावर येत नाही. चार महिने वेगळी चूल सांभाळणारी ती बाई मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोठी खेळाडू वाटते.

वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरावे, त्याहून जास्त नको. जास्त उतरले तर चरबीबरोबर कमावलेला स्नायूही जातो. शेवटचे दोन आठवडे माणूस चिडचिडा होतो, झोप लागत नाही, हात गार पडतात, डोक्यात फक्त अन्न. आणि अगदी शेवटी येते ते पाणी तोडणे. कातडीखालचे पाणी गेले की स्नायूंच्या रेषा उठून दिसतात, अशी समजूत आहे. खरी गोष्ट अशी की स्नायूचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो आणि त्यात साठवलेल्या साखरेचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतो. पाणी तोडले की स्नायूच चपटे पडतात. वर लघवी होण्याच्या गोळ्या घेतल्या तर रक्तातले पोटॅशियम बिघडते आणि हृदयाचा ठेका चुकतो. मोहम्मद बेनाझिझा हा जगातल्या पहिल्या फळीतला शरीरसौष्ठवपटू ४ ऑक्टोबर १९९२ रोजी हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांत गेला तो याच खेळामुळे. त्याच्याभोवती तर जाणकारांचा गोतावळा होता. तालुक्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या आपल्या पोराच्या बाजूला कोण असते?

स्टेज. गावातला मंडप, शिवजयंती किंवा कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस, मागे बॅनर, समोर खुर्च्या. पडद्यामागे वजनकाटा. पंचावन्न, साठ, पासष्ट, सत्तर, पंचाहत्तर असे पाच-पाच किलोंचे गट. अंगावर गडद रंग चढवलेली पोरे दोरीने, पट्ट्याने, एकमेकांच्या हाताने ताण देऊन अंगात रक्त भरत असतात. मग रांगेत उभे राहायचे. समोरून दोन्ही दंड, समोरून पाठीचा पंखा, बाजूने छाती, मागून दंड, मागून पंखा, बाजूने ट्रायसेप, शेवटी पोट आणि मांड्या. सात पोझेस. हसत राहायचे, कारण धाप दिसता कामा नये. नंतर गाण्यावर मिनिटभर एकट्याचे सादरीकरण. चार महिन्यांची उपासमार त्या मिनिटात उभी राहते. ज्याने कधी हे पाहिले नाही त्याने एकदा तरी पाहावे. थरथरत्या मांड्यांनी हसत उभा असलेला तो पोरगा पाहिला की या खेळाला नुसती दिखाऊगिरी म्हणण्याची हिंमत होत नाही.

खालच्या पातळीवरचे बक्षीस कितीही मोजले तरी त्या हंगामाचा खुराकही त्यातून निघत नाही. पुढचे मार्गही अरुंद. शरीरसौष्ठव ऑलिंपिकमध्ये नाही. आशियाई खेळांत ते आले फक्त दोनदा, २००२ च्या बुसानला आणि २००६ च्या दोहाला. तरीही कोल्हापूरच्या मातीतून सुहास खामकर २०१० मध्ये मिस्टर एशिया झाला, संग्राम चौगुलेने २०१२ मध्ये आपल्या वजनगटात मिस्टर युनिव्हर्सचा किताब आणला. या पट्ट्यातल्या पोरांच्या फोनमध्ये त्यांचे व्हिडिओ असतात. एखादा कोल्हापूरचा पोरगा जगात पहिला येऊ शकतो, तर शिरूरचा का नाही?

याच प्रश्नाच्या उंबऱ्यावर सुई उभी असते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी स्टेरॉइड घेणारे आणि न घेणारे असे दीडशेहून अधिक खेळाडू तपासले आणि उंचीच्या मानाने औषधांशिवाय किती स्नायू कमावता येतात याचा साधारण कळस मांडला. त्यांचे सूत्र लावले तर पाच फूट सात इंचांच्या पोराला, अंगात सहा टक्केच चरबी ठेवून, स्टेजवर फार तर ७५-७७ किलोंपर्यंत जाता येते. तेही नशीबवान शरीर असेल तर, आणि कित्येक वर्षांनी. बहुतेकांचा कळस त्याहून बराच खाली. पण पोस्टरवरचे शरीर असते नव्वदचे, आणि पोराला ते यंदाच हवे असते. खुराक महाग आहे, झोप नाही, वर्षे हातात नाहीत; मग कोणीतरी जिममध्येच कानाशी येऊन सांगते की एक ‘सायकल’, म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स, मार, दोन महिन्यांत दिसेल. दिसते, हे खरे. म्हणूनच ते घातक आहे.

बाहेरून हार्मोन आले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. वृषण आक्रसतात. चांगले कोलेस्टेरॉल कोसळते, वाईट वाढते. हृदय हाही स्नायूच. तोही जाड होतो आणि ताठर होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वजने उचलणारे १४० पुरुष तपासले होते. स्टेरॉइड न घेणाऱ्यांचे हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्यातले सरासरी ६३ टक्के रक्त बाहेर ढकलत होते, घेणाऱ्यांचे ५२ टक्के. दंड पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. त्याहूनही स्वस्त आणि त्याहूनही भीषण म्हणजे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब फार उतरला तर डॉक्टर ते वापरतात. जिममधली पोरे ते थकवा मारायला टोचून घेतात. पुणे पोलिसांनी गेल्या काही वर्षांत याचे साठे पुन्हा पुन्हा पकडले आहेत. बारा तासांची पाळी करून आलेल्या पोराला थकवा हा शत्रू वाटतो. तो शत्रू नाही. झोप दे, एवढेच शरीर त्यातून मागत असते.

मग पोरे हे सगळे कशासाठी सोसतात? मुलींसाठी, इन्स्टाग्रामसाठी, असे म्हणून मोकळे होणारे खूप. मला ते खरे वाटत नाही. या पट्ट्यात जमिनींना सोन्याचा भाव आला आणि जमिनी गेल्या. काहींचा बंगला झाला, काहींची फक्त गाडी. ज्याचा आजा दहा एकरांचा मालक होता तो नातू दुसऱ्याच्या कारखान्यात, दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याचा गणवेश घालून उभा असतो. अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलतो, ओळखपत्र बदलते. त्याच्या मालकीचे म्हणावे असे उरते ते शरीर. त्याची नोंद सातबाऱ्यावर नाही, त्याच्यावर बोजा चढत नाही, भावकीत त्याची वाटणी होत नाही. त्यात जेवढे घालावे तेवढे दिसते. कारखान्यात इतके सरळ काहीच नसते. शिस्त लावून घेतलेल्या माणसाला स्वतःविषयी जो आदर वाटू लागतो, तो मी या पोरांच्या चालण्यात पाहिला आहे. तो खोटा नाही.

आणि वढूच्या परिसरात याला आणखी एक धार आहे. संभाजी महाराज १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरी पकडले गेले आणि त्यानंतर सुमारे चाळीस दिवस त्यांनी जे सोसले, ते इथल्या पोरांना पाठ आहे. शेवटची रॅप निघत नाही तेव्हा कित्येकांच्या मनात तेच येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला. विकी कौशलने महिनोन्महिने मेहनत करून कमावलेले शरीर पडद्यावर दिसले आणि भक्तीला एक आकार मिळाला. त्या भक्तीपुढे मी नम्र आहे. फक्त या पोरांना एक सांगावेसे वाटते. राजांच्या छातीचे माप कोणत्याही बखरीने लिहून ठेवलेले नाही. लोकांनी तीनशे वर्षे जपले ते त्यांचे न झुकणे. ज्या देहाला त्यांचे नाव घेऊन घडवायचे त्या देहात चोरीची सुई जाऊ नये, एवढे तरी त्या नावाचे देणे आहे.

हे नुसते पोरांना सांगून भागणार नाही. सरकार व्यायामशाळा विकासासाठी अनुदान देते. त्यातून खोली उभी राहते, साहित्य येते. गावाने त्यात तीन गोष्टी घालाव्यात. आठवड्यातून दोनदा येणारा शिकलेला प्रशिक्षक. वर्षातून एकदा सगळ्यांची रक्ततपासणी आणि ईसीजी. आणि खुराक. दहा निवडक पोरांना रोज आठ अंडी द्यायची म्हटले तर महिन्याला २,४०० अंडी होतात. घाऊक भावाने चौदा-पंधरा हजार रुपये. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेला याहून जास्त जातात. तालमीत वस्तादाचा धाक होता तो नुसत्या काठीचा नव्हता. ज्या घरांनी दूध पाठवले त्या घरांना पोराच्या तब्येतीची चौकशी करता येत होती, आणि पोरालाही त्यांच्यासमोर खोटे वागवत नव्हते. आज पोरगा स्वतःचे स्वतः खातो, स्वतःचे स्वतः टोचून घेतो, आणि त्याला विचारायला कोणाजवळही तोंड नाही. अंडी गावाची असतील तर सुई दिसल्या दिवशी ती बंद करता येतील, आणि बंद होतील हे पोराला ठाऊक असेल. ही व्यायामशाळा पहाटे साडेचारला उघडली पाहिजे आणि रात्री एकपर्यंत उघडी राहिली पाहिजे, कारण पहिल्या पाळीची बस सहाला येते आणि दुसरी पाळी सुटून पोरगा गावात पोहोचेपर्यंत बारा वाजत आलेले असतात.